वाटेवरचे आरोग्य : घरगुती उपाय आणि साधे व्यायाम



१ जून १९४८ रोजी महाराष्ट्रातील राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, ती पुणे आणि अहमदनगर या दोन शहरांच्या दरम्यान. आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचे प्रवासाशी असलेले नाते मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे. क्षेत्रफळाच्या दृष्टीने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा चौदा तालुक्यांचा जिल्हा वाटसरूंचा जिल्हा आहे. आषाढीच्या सुमारास त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी राहुरी, नगर, मिरजगाव अशा मुक्कामांनी करमाळ्याकडे जाते. पैठणहून निघालेली संत एकनाथांची पालखी जामखेड तालुक्यातील खर्ड्याहून पुढे सरकते. शिर्डी, शिंगणापूर, नेवासे, मढी, मोहटा, सिद्धटेक येथे वर्षभर यात्रेकरूंची ये-जा असते. दसरा-दिवाळी उलटली की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. याखेरीज बाजार, कचेरी, शाळा आणि दवाखाना यांसाठी रोज एस. टी.ने प्रवास करणारी सामान्य माणसे आहेतच.

एवढी माणसे सतत वाटेवर असताना त्यांच्या आरोग्याचा विचार बहुधा घरी परतल्यावर, म्हणजे आजार अंगावर आल्यावरच होतो. वास्तविक प्रवासात जडणारी बहुतेक दुखणी चार-पाच साध्या कारणांनी होतात. अशुद्ध पाणी, ऊन, अवेळी खाणे, तासन् तास एकाच जागी बसणे किंवा सवय नसताना फार चालणे, ही ती कारणे होत. त्यांवरचे उपायही तितकेच साधे आहेत. ते स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यात आणि स्वतःच्या हातापायांत आहेत. मात्र त्यांपैकी प्रत्येक उपाय केव्हा उपयोगी पडतो आणि कोठे थांबतो, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. ही मर्यादा न ओळखल्यामुळे साध्या दुखण्याचे रूपांतर प्राणसंकटात झाल्याची उदाहरणे खेडोपाडी आढळतात.

पाणी : वाटेवरचे पहिले औषध

प्रवाशाचा पहिला शत्रू दूषित पाणी हा आहे आणि त्याचा पहिला मित्र शुद्ध पाणी हाच आहे. एकोणिसाव्या शतकात मोठ्या यात्रांच्या मागोमाग पटकीची साथ गावोगाव पसरत असे. ती भीती आता ओसरली असली, तरी जुलाब, विषमज्वर आणि कावीळ हे पाण्यातून येणारे रोग पावसाळ्याच्या तोंडी आजही डोके वर काढतात. आणि आषाढीची वाट नेमकी याच दिवसांत चालली जाते.

घरून निघताना उकळून गार केलेले पाणी झाकणाच्या बाटलीत सोबत घ्यावे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. फडक्याने गाळलेले पाणी स्वच्छ दिसते; पण गाळण्याने गाळ जातो, जंतू जात नाहीत, हे लक्षात ठेवावे. जेथे उकळणे शक्य नाही, तेथे पाणी शुद्धीकरणाचे क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, परंतु केवळ तुरटीवर विसंबून राहता येत नाही.

इतकी काळजी घेऊनही जुलाब सुरू झाले, तर काय करावे? या प्रश्नाच्या उत्तरावर कित्येक बालकांचे प्राण अवलंबून असतात. ‘पोटात पाणी ठरत नाही, तर पाणी देऊ नये’ असा एक समज घराघरांत पूर्वापार चालत आलेला आहे. हा समज घातक आहे. जुलाबात मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जे निघून गेले ते भरून काढणे हाच खरा उपचार. एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळविले की हे औषध तयार होते. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो. म्हणून देण्यापूर्वी चव घ्यावी आणि पाणी अश्रूंपेक्षा अधिक खारट लागल्यास ते टाकून नवे करावे. एकदा तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर वापरू नये. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला आणि प्रौढास हवे तितके पाणी द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. भाताची पेज, ताक, डाळीचे पाणी व केळे हा आहार चालू ठेवावा. आशा सेविकेकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात मिळणारी क्षार-संजीवनीची पुडी जवळ असेल तर ती अधिक चांगली. कारण तिच्यात क्षारांचे प्रमाण ठरवून दिलेले असते. मुलांना त्यासोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस देण्याचा सल्ला आरोग्य केंद्रातून दिला जातो, तोही पाळावा.

हे साधे मीठ-साखरेचे पाणी किती मोठे काम करू शकते, याचा प्रत्यय १९७१ साली आला. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ उसळली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना तोंडावाटे पाजण्यास नातेवाइकांनाच शिकविले. त्यापूर्वी तेथे शंभरांतील सुमारे तीस रुग्ण दगावत होते. या उपायानंतर ते प्रमाण चारांच्याही खाली आले. छावणीतील ती सारी माणसे घरदार सोडून वाटेवर आलेली होती, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

नगर जिल्ह्याला तर यासाठी दूर पाहण्याचेही कारण नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातीलच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना निवडून त्यांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. शुद्ध पाणी, बाळंतपणातील स्वच्छता, बालकांचा आहार आणि जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, या गोष्टी त्यांनी आपल्या गावच्या बायकांना त्यांच्याच बोलीत समजावून सांगितल्या. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालविलेल्या आरोग्यकार्याविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडच्या प्रयोगाला स्थान मिळाले आणि १९७९ साली आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. घरगुती ज्ञानाला शास्त्राची जोड मिळाली, तर अवर्षणग्रस्त तालुक्यातही आरोग्याची स्थिती पालटू शकते, हा जामखेडचा धडा आहे. प्रवासातील आरोग्यालाही तोच लागू पडतो.

ऊन आणि उष्माघात

सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत येणाऱ्या या जिल्ह्याच्या मोठ्या भागात चैत्र-वैशाखात ऊन कडक असते. उन्हातून निघताना खिशात कांदा ठेवण्याची रीत जुनी आहे. कांद्याच्या या जिल्ह्यात तो कोणाच्याही खिशात सहज येऊ शकतो. परंतु खिशातील कांदा उन्हाला अडवीत नाही. ऊन अडविते ते डोक्यावरचे उपरणे, टोपी किंवा पदर, आणि पोटात गेलेले पाणी. तोच कांदा भाकरीबरोबर खाल्ला तर जेवणाला चव तरी येते.

उन्हात चालणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या-थोड्या वेळाने पाणी प्यावे. घामावाटे मीठही जाते. म्हणून मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे आणि कोकमाचे सरबत ही आपल्याकडील पेये गुणकारी आहेत. मात्र ती शुद्ध पाण्याची आणि घरची असावीत. उघड्यावर विकल्या जाणाऱ्या बर्फाच्या सरबतात बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाच्या पेयांबाबत डॉक्टरांना आधी विचारावे. दुपारी बारा ते चार या वेळेत चालणे टाळून तो वेळ सावलीत विश्रांतीसाठी ठेवावा.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ आणि पायांत गोळे येणे ही उन्हाचा त्रास सुरू झाल्याची पहिली लक्षणे होत. अशा माणसास सावलीत निजवावे, अंगावरचे कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा आणि तो शुद्धीवर असेल तर मीठ-साखरेचे पाणी पाजावे. परंतु अंग तापून तो असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. अंगावर पाणी शिंपडीत आणि वारा घालीत त्यास रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. येथे कांद्याचा रस अथवा अन्य कोणताही घरगुती उपाय करण्यात वेळ दवडू नये.

गाडी लागणे आणि पोटाच्या तक्रारी

संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट असो, पाथर्डीच्या वाटेवरील करंजी घाट असो की भंडारदऱ्याकडचा वळणावळणांचा रस्ता असो, गाडी लागणारा एखादा प्रवासी प्रत्येक फेरीत असतोच. हा काही रोग नव्हे. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘शरीर हलत आहे’ असे मेंदूस सांगते, तर गाडीच्या आत खिळलेले डोळे ‘सर्व स्थिर आहे’ असे सांगतात. या विसंवादामुळे मळमळ सुरू होते. म्हणून पहिला उपाय डोळ्यांचा. पुढच्या बाजूस, खिडकीजवळ बसावे, दूरच्या डोंगरावर नजर ठेवावी, वाचन करू नये, मोबाइलकडे पाहू नये आणि मान मागे टेकून स्थिर ठेवावी. पूर्ण उपाशीपोटी निघू नये आणि तळकट पदार्थ भरपेट खाऊनही निघू नये. आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळल्याने किंवा आलेपाकाच्या वडीने अनेकांना उतार पडतो. लिंबू हुंगणे, आवळकाठी चघळणे यांनीही तोंडाची चव सुधारते. एवढ्याने भागत नसेल तर प्रवासापूर्वी घ्यावयाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. तिने झोप येते, म्हणून वाहन चालविणाऱ्याने ती घेऊ नये.

प्रवासातील दुसरी तक्रार बद्धकोष्ठतेची. वेळ चुकते, पाणी कमी पडते आणि भाजी-भाकरीची जागा वडापाव-बिस्किटे घेतात. पेरू, केळे, काकडी, भिजविलेले मनुके आणि सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील आदिवासी बांधव गोळा करीत असलेला हिरडा हे आयुर्वेदातील प्रसिद्ध औषध आहे. त्याचे चूर्ण रात्री कोमट पाण्याबरोबर अल्प प्रमाणात घेण्याची पद्धत आहे. गर्भवती स्त्रियांनी मात्र ते घेऊ नये. घसा धरल्यास मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात. वाटेत जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे हा तर सर्व औषधांहून स्वस्त उपाय होय.

बसल्या जागी करावयाचे व्यायाम

महात्मा गांधींनी १९४६ साली उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले. हे गाव संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवर आहे. माती, पाणी, सूर्यप्रकाश, मोकळी हवा, साधा आहार आणि नियमित हालचाल यांच्या बळावर गरिबालाही निरोगी राहता यावे, ही त्या कार्यामागील दृष्टी होती. प्रवासात यांपैकी हालचालीचाच सर्वाधिक विसर पडतो.

चार तासांहून अधिक काळ न हालता बसून केलेल्या प्रवासानंतर पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आढळून आले. मूळ संभव लहान असल्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु नगरहून मुंबई किंवा नागपूरकडे जाणाऱ्या प्रवाशाने पाय हलते ठेवावेत, एवढा बोध त्यातून घ्यावा. त्यासाठी आसनावर बसल्या बसल्या पुढील व्यायाम दर तासाला पाच मिनिटे करता येतात :

१. टाचा जमिनीवर टेकवून चवडे वर उचलावेत. नंतर चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. असे वीस वेळा करावे. पोटऱ्यांचे स्नायू आवळले गेल्याने रक्त वर ढकलले जाते.

२. एक पाय किंचित उचलून घोटा उजवीकडून व डावीकडून प्रत्येकी दहा वेळा फिरवावा. मग दुसरा पाय घ्यावा.

३. जागा असल्यास गुडघा सरळ करून पाय पुढे ताणावा, मनात पाच अंक मोजावेत व पाय खाली घ्यावा.

४. दोन्ही खांदे कानांकडे उचलून मागे फिरवीत खाली आणावेत. दहा वेळा.

५. मान सावकाश उजवीकडे, डावीकडे व खाली न्यावी. झटका देऊ नये. मानेचे दुखणे असणाऱ्यांनी हा व्यायाम टाळावा. गाडी घाटात असताना कोणीही तो करू नये.

६. पाठ ताठ ठेवून नाकाने दीर्घ श्वास घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. दहा वेळा.

गाडी स्थानकात थांबली की खाली उतरून शंभर पावले चालावे, हात वर ताणून ताडासन करावे. गर्भवती स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि पूर्वी अशी गुठळी झालेले यांनी लांबच्या प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. प्रवासानंतर एकाच पायास सूज येऊन पोटरी दुखू लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखू लागले, तर तेल चोळीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

पायी चालणाऱ्यांसाठी

वारीला निघणारा शेतकरी चालण्याला सरावलेला असतो. पण निवृत्त शिक्षक किंवा कचेरीतील कर्मचारी एकाएकी रोज वीस किलोमीटर चालू लागला, तर दुसऱ्याच दिवशी गुडघे बोलू लागतात. म्हणून निघण्यापूर्वी किमान तीन आठवडे रोज चालण्याचा सराव करावा. दोन किलोमीटरपासून आरंभ करून अंतर क्रमाने वाढवावे. नवी वहाण वाटेत घालू नये. ती आधी पंधरा दिवस पायांत रुळू द्यावी.

सकाळी चालण्यास प्रारंभ करण्यापूर्वी भिंतीस किंवा झाडास दोन्ही हात टेकून एक पाय मागे न्यावा व टाच जमिनीवर दाबून पोटरी ताणावी. प्रत्येक पायास तीन वेळा. संध्याकाळी मुक्कामावर पोहोचल्यावर पाय स्वच्छ धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, खोबरेल किंवा तिळाच्या तेलाने पोटऱ्यांना खालून वर मालीश करावे. त्यानंतर उताणे निजून दोन्ही पाय भिंतीस टेकवून दहा मिनिटे वर ठेवावेत. पायांवरची सूज त्याने उतरते.

पायास फोड आला तर तो फोडू नये. स्वच्छ कापडाची सैल पट्टी बांधावी. आपोआप फुटल्यास साबण-पाण्याने धुवावा. त्यावर माती, शेण, चुना किंवा तंबाखू लावू नये. अशा उपायांनी धनुर्वाताचे भय असते. मधुमेही व्यक्तीने अनवाणी चालू नये. तिच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. खडा टोचला तरी कळत नाही आणि लहानशा जखमेतून पाय गमावण्याची पाळी येते. अशा वारकऱ्याने रोज रात्री आपले तळवे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत. मधुमेह, रक्तदाब, दमा, क्षय यांची चालू औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरतील इतकी सोबत असावीत आणि औषधांची चिठ्ठी त्यांच्यासोबतच ठेवावी.

फडाच्या वाटेवर

यात्रेकरू काही दिवसांनी घरी परततो. ऊसतोडणी कामगाराचा प्रवास मात्र पाच-सहा महिने चालतो. बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार घालून निघालेल्या या कुटुंबात गर्भवती स्त्री असते, तान्हे मूल असते, म्हातारी असते. पहाटे अंधारात फडावर जायचे, कोयता चालवायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढायचे आणि रात्री कोपीत पाठ टेकायची, असा त्यांचा दिनक्रम. त्यांना व्यायाम सांगण्याची गरज नाही. गरज आहे ती अंग जपण्याची रीत सांगण्याची. मोळी उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, मोळी अंगाशी धरून पायांच्या बळावर उठावे. तासाभराने दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ हळूच मागे ताणावी. पिण्याच्या पाण्याची घागर झाकलेली ठेवावी आणि पाणी ओगराळ्याने काढावे. कोपीत जमिनीवर निजताना अंथरूण झटकावे. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. रुग्णास हालचाल करू न देता धीर देऊन रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

निघण्यापूर्वी मुलांचे लसीकरण पूर्ण करून माता व बाल संरक्षण कार्ड सोबत घेतले, तर कारखाना परिसरातील आरोग्यसेविकेस पुढील लस देणे सुलभ होते. हे कार्ड शिधापत्रिकेइतकेच जपून ठेवण्याजोगे आहे, ही जाणीव मुकादमांनी आणि शिक्षकांनी टोळीतील प्रत्येक कुटुंबास करून द्यावी.

जे औषधाने सुटत नाही

प्रवासात अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना तहान नसते असे नव्हे; वाटेत स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृह नसते. पाणी न पिण्याने आणि लघवी रोखून धरण्याने मूत्रमार्गाचा दाह, डोकेदुखी, चक्कर व बद्धकोष्ठता हे विकार मागे लागतात. त्यावर धने-जिऱ्याचे पाणी सुचविले जाते. पण जी स्त्री साधे पाणीच पिऊ धजत नाही, तिला धन्याचे पाणी सुचवून काय लाभ? या दुखण्याचा उपाय बसस्थानकात, बाजारतळावर आणि दिंडीच्या मुक्कामी आहे. तेथे दार लागणारे, पाण्याची सोय असलेले आणि रात्री दिवा असलेले स्वच्छतागृह असणे हेच यावरील औषध होय. ते वैद्याने द्यावयाचे नसून ग्रामपंचायतीने व प्रशासनाने द्यावयाचे आहे.

हीच गोष्ट पाण्याची. ज्या गावी दिंडी उतरते, तेथील लोकसंख्या एका रात्रीत कित्येक पटींनी वाढते. म्हणून मुक्कामाच्या आदल्या दिवशी आणि मुक्कामाच्या दिवशी विहिरीचे व टाकीचे पाणी टीसीएलने शुद्ध करावे. एक हजार लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम पावडर पुरते. याचा अर्थ दहा हजार लिटरच्या टँकरला २५ ग्रॅम आणि पन्नास हजार लिटर पाणी असलेल्या विहिरीस १२५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी विहिरीत सोडावे आणि तासभर उपसा थांबवावा. त्यानंतर ओ.टी. चाचणीत पिवळा रंग आला तरच पाणी पिण्यास द्यावे. उघड्या गोणीत दमट झालेल्या पावडरीचा जोर निघून जातो. तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवू नये. पाणी स्रोतांच्या तपासणीनंतर ग्रामपंचायतीस मिळणारे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दप्तरात ठेवण्यासाठी नसते. ते गावच्या तसेच गावी येणाऱ्या पाहुण्याच्या आरोग्याचे प्रगतिपुस्तक असते.

२०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाने ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या उपक्रमाद्वारे पालखी मार्गांवर आरोग्यसेवा पोहोचविण्यावर भर दिला. अशा उपक्रमांचे यश गावाच्या सहभागावर अवलंबून असते. शाळेतील शिक्षकांनी मुलांना मीठ-साखरेचे पाणी वर्गात प्रत्यक्ष करून दाखवावे आणि प्रत्येक मुलाकडून करवून घ्यावे. सातवीतील मुलीने शिकलेले ते प्रमाण उद्या तिच्या घरातील एखाद्या बाळाचा जीव वाचवील. ग्रामपंचायत सदस्यांनी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, आशा सेविका व रुग्णवाहिका यांची माहिती बसथांब्यावर ठळक अक्षरांत रंगवून घ्यावी.

मर्यादा ओळखावी

घरगुती उपायांची थोरवी त्यांच्या साधेपणात आहे आणि त्यांची मर्यादा ओळखण्यात शहाणपण आहे. जुलाबात रक्त पडणे, उलटी न थांबणे, डोळे खोल जाणे, मूल सुस्त होणे किंवा सहा-आठ तास लघवी न होणे, दोन दिवसांहून अधिक ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, बेशुद्धी, सर्पदंश आणि विंचूदंश, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांचे काम संपले आणि दवाखान्याचे सुरू झाले असे समजावे. जुलाबाच्या रुग्णास नेताना मीठ-साखरेचे पाणी वाटेतही पाजीत राहावे; दवाखाना दूर असला तर तेच त्याला तेथवर पोहोचविते.

या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी देशभर मंदिरे व घाट बांधले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याच कार्याचा दुसरा भाग म्हणजे वाटसरूंसाठी खोदलेल्या विहिरी, बांधलेल्या बारवा आणि धर्मशाळा. अनोळखी वाटसरूला स्वच्छ पाणी आणि सावलीचा निवारा मिळाला म्हणजे त्याचे अर्धे आरोग्य राखले गेले, हे त्या काळी त्यांनी जाणले होते. ज्या गावाच्या वेशीवर शुद्ध पाण्याची पाणपोई आहे, स्वच्छ शौचालय आहे आणि मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण ज्या गावातील लहान मुलालाही तोंडपाठ आहे, त्या गावाने हा वारसा खऱ्या अर्थाने चालविला, असे म्हणता येईल.